खालची साथ

सुग्रीव मास्तर केदारखेड्याच्या एका मेंढपाळाचा मुलगा. हैदराबादेत पोलिसांच्या वाद्यवृंदात शिरले, तेव्हा लांबसडक हात पाहून तिथल्या उस्तादांनी त्यांना व्हायोला दिला. व्हायोलिनहून मोठा, आवाजाने खोल. पुढे मुंबईच्या वाद्यवृंदात तीस वर्षं मधल्या रांगेत बसून ते तोच वाजवत राहिले. मूळ चाल व्हायोलिनवाले वाजवतात. व्हायोला तिला खालून धरून ठेवतो. एकट्या मास्तरांचं रेकॉर्डिंग कुठेच नाही. निवृत्तीनंतर जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत ते शिकवू लागले.

त्या खोलीत नव्या मुलांना चाल मिळायची नाही. सहा महिने खालची साथ. व्हायोलिन शिकायला आलेली मोनिका वैतागायची.

"मास्तर, मला गाणं कवा देता?"

"दुसऱ्याचं ऐकू यायला लागल्यावर. जल्दी कशाची? आज्ज्याची मेंढरं वावरात घुसली काय?"

पुढे चाल मिळाली, पण गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात ती वाजवता वाजवता विसरली आणि पळून गेली होती. यंदा पुन्हा तसं झालं तर व्हायोलिन कायमचं पेटीत. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

यंदा चाल तिची, साथ मास्तरांची. अर्ध्यावर आली आणि सगळं पुसून गेलं. गज थांबला. पहिल्या रांगेत तिचे आजोबा कडूबा मान पुढे काढून बसलेले. आता मास्तर तिची चाल उचलतील आणि सगळ्यांना कळेल, असं तिला वाटलं.

मास्तरांनी चाल उचलली नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही. ते एका खोल सुरावर उभे राहिले. गज जाऊन परत फिरत होता, पण सूर कुठे तुटला हे कळत नव्हतं. मागे एकदा त्यांनी सांगितलेलं तिला आठवलं: "एखादं मेंढरू मागं राह्यलं तर माझा बाप त्याच्यामागं पळत नसे. सारा कळप उभा करायचा. मंग ते आपसूक यायचं."

त्या सुरावर तिचं बोट आपोआप टेकलं. पुढची ओळ आली. मास्तरांचा सूरही चालू लागला.

टाळ्यांनंतर कडूबा मंचाजवळ आले. "पोरीनं बराबर वाजवलं. पण मास्तर, तुमचं मोठं फिडल मधीच अडकून गेल्तं का?"

"अडकलं खरं. वय झालं आता, कडूबा."

मोनिका बोलणार तोच मास्तरांनी किंचित नकारार्थी मान हलवली आणि तारांवरची राळ पुसायला घेतली. तीस वर्षांत असे किती सूर त्यांनी धरून ठेवले असतील, तिला मोजता येईना.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "सोमवारच्या शिकवणीत मला खालची साथच द्या."