सायलीला दवाखान्यात नेलं तो दिवस

मखमलाबादच्या मळ्यात भागुबाई शेवंती पिकवते आणि पंचवटीत बसून विकते. पंचवीस वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण यमुना बाळंतपणानंतर काहीबाही बरळायला लागली. बाहेरची बाधा म्हणून घरच्यांनी तिला महिनाभर देवऋषाकडे फिरवलं. यमुना गेली. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही, भागुबाईनेही नाही.

मागच्या वर्षी सून सायलीला मुलगी झाली. पंधरवड्यातच तिची झोप उडाली. बाळाला पाजताना ती भिंतीकडे टक लावून बघायची. बाळंतिणीचा थकवा असेल, असं सगळ्यांनाच वाटलं.

एका दुपारी भागुबाई बाजारातून परतली, तर सायली बाळाला छातीशी धरून विहिरीच्या कठड्याशी उभी.

"इथं काय करती गं?"

"ते बोलावत्यात आम्हाला. तुम्हाला नाय ऐकू येत?"

भागुबाई ओरडली नाही. "बाळाला ऊन लागतंय, दे इकडं," म्हणत जवळ गेली. एका हाताने बाळ घेतलं, दुसऱ्याने सायलीचं मनगट धरलं आणि दोघींना घरात आणलं.

मुलगा समाधान शेतातून धावत आला. "आई, ओळखीचा एक बाबा हाय. उद्या नेऊ."

"दवाखान्यात न्यायचं. आत्ता."

"लोक वेडी म्हणतील तिला."

"यमुनेला कुणी वेडी म्हणलं नाय. तिला आम्ही मसणात जाळून आलो."

भागुबाईने गावच्या आशा सेविका लताबाईंना फोन लावला. त्यांनी मानसिक आजारासाठीच्या सरकारी मदतीचा १४४१६ नंबर दिला. तिने लगेच तो लावला. फोनवरच्या बाईंनी शांतपणे एकेक विचारलं. बाळ वेगळं ठेवा, तिला क्षणभरही एकटी सोडू नका, १०८ला फोन करून गाडी बोलवा, असं सांगितलं. गाडी येईपर्यंत सायली विनवत राहिली, "आई, सोडा ना मला." भागुबाईने मनगट सोडलं नाही. तिथं वळ उठले.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी सायलीला दाखल करून घेतलं. बाळंतपणानंतर क्वचित होणारा आजार आहे, उपचारांनी बरा होतो, असं त्या म्हणाल्या.

"यावरची औषधं पंचवीस वर्षांपूर्वी होती का, बाई?"

"होती, आजी."

भागुबाई बाकावर टेकली. बाळ भुकेने रडत होतं, तरी किती वेळ तिला ते ऐकूच आलं नाही.

सायली महिन्याभराने घरी आली. गोळ्या चालू आहेत. कधी ती मुलीला मांडीवर घेते, कधी जवळ जायलाही घाबरते. परवा भागुबाई सायलीच्या डोक्याला तेल लावत होती, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आई, मी तिला..." पुढचं तिला बोलवेना.

"आजारी होतीस तू," भागुबाई म्हणाली. सायली खाली मान घालून रडत राहिली, आणि भागुबाईने तिला रडू दिलं.