व्हय म्हणणारा गवंडी

तुंगार्लीतल्या एका जुन्या बंगल्यात मालकांनी दगडी भिंत फोडून समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायला भलीमोठी काचेची टाकी बसवून घेतली. सुतारकाम माझं होतं, भिंतीचं पवनानगरकडच्या एका गवंड्याचं. त्याला काहीही विचारा, तो आधी ‘व्हय’ म्हणायचा, मग ओळंब्याची दोरी गुंडाळत सावकाश नाही म्हणायचा.

“भाऊ, भिंत आज संपेल ना?”

“व्हय... आज काय व्हत न्हाई.”

मालक वैतागायचे. मला सवय झाली होती.

टाकीत खारं पाणी भरून ठेवलं होतं, प्रवाळ यायचे बाकी होते. एका सकाळी पाहतो तर पाणी पिवळट, वर झेंडूचं फूल तरंगतंय. नव्या विहिरीला पाणी लागलं की आमच्याकडे हळद-कुंकू वाहतात, तसं कुणीतरी वाहिलं होतं. आता सगळं पाणी फेकावं लागणार होतं.

मालकांनी आम्हा सगळ्या कामगारांना बोलावलं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. शेवटी त्यांनी गवंड्याला विचारलं, “तुम्ही टाकलंत?”

“व्हय.”

आम्ही पुढच्या ‘न्हाई’ची वाट बघत राहिलो. त्याने दोरी पूर्ण गुंडाळली आणि ओळंबा खिशात टाकला.