एंटर कोणी दाबलं?

भुतंखेतं, करणी-बिरणी मी कधीच मानली नाही. मी मुळातच संशयी बाई... माझा तर कंपायलरवरसुद्धा पटकन विश्वास बसत नाही. तरी हे सांगतेच.

यवतमाळला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. कापसाची ती वाईट वर्षं. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी भाव वाढायची वाट बघत खोल्या भरून कापूस पडलेला. नागपूरच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेला कॉलेजमधून एकालाच पाठवणार होते. मला जायचंच होतं — नंबर आला तर नोकरी, नाहीतर पाहुणे मला बघायला यायला टपलेलेच होते.

कॉलेजच्या लॅबमधली कसोटी साधी. लाखो आकड्यांच्या ॲरेची, म्हणजे ओळीने मांडलेल्या यादीची, बेरीज ज्याची लवकर होईल, तो जाणार. मी इंडेक्स वापरला, म्हणजे प्रत्येक आकडा त्याच्या क्रमांकाने गाठायचा; वर्गातल्या राळेगावच्या संदीपने पॉइंटर, म्हणजे एका आकड्यावरून थेट पुढच्यावर जायचं.

"तू दर झाडापाशी जायले परत धुऱ्यापासून मोजत येते," तो हसला. "मी हाय तेथूनच पुढच्या झाडाले सरकतो."

त्याचा प्रोग्रॅम माझ्या निम्म्या वेळात संपला! लॅबच्या सरांनी दोन्हींचा मशीन कोड काढून पाहिला, तर अक्षरशः एकच. प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवताना कंपायलरने माझा धुरा, म्हणजे तो शेताचा बांध, केव्हाच पुसून टाकला होता. म्हणजे वेळही सारखाच लागायला हवा ना?

मला दाट संशय आला — हा लबाडी करतोय. त्याचा प्रोग्रॅम मी स्वतः चालवला, तर माझ्याइतकाच हळू. मग त्याला माझा चालवायला लावला. त्याने एंटर दाबलं आणि... फटकन उत्तर! मशीन बदललं, कीबोर्ड बदलला, लोडशेडिंग संपल्यावर पुन्हा करून पाहिलं. तेच.

"काय करून राह्यला तू?" मी ओरडलेच.

"काई नाई वं. एंटर दाबून राह्यलो."

सर वैतागले. "असली हातचलाखी मला नको," म्हणत त्यांनी माझं नाव पाठवलं. संदीप एवढंच म्हणाला, "मले सोबत ने. मी दाबून देतो."

मी कायले नेते! नागपूरला एंटर मीच दाबलं, आणि शेवटून पहिली आले. नोकरी हुकली. खूप रडले.

मग व्हायचं तेच झालं, पाहुणे आले. चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते तर समोर आईवडिलांसोबत संदीप!

"तवा नेलं नाई," तो हळूच म्हणाला, "आता तरी नेते का?"

नेलं. संसार चांगला चाललाय. पण लॅबमध्ये ते काय होतं, हे ना सरांना कळलं, ना मला. त्यालाही माहीत नाही म्हणे... म्हणतो तरी तसं. घरच्या कॉम्प्युटरवर तो काय वाट्टेल ते टाईप करतो. एंटर मात्र अजून मीच दाबते.