फक्कीच्या भिंती

स्वराज्य नुकतंच आलं होतं. पारनेरला नवं कोर्ट व्हायचं ठरलं, आणि ऊन असं, की उडता कावळा भाजून खाली पडावा. नकाशा काढणारा साहेब इतका उंच, की ढग आला की मान वाकवायचा! त्यानं माळावर चुन्याच्या फक्कीनं अख्खं कोर्ट आखलं. आम्ही गावकरी शहाणे, दाराच्या जागेतूनच आत जायचो, तेही चपला बाहेर काढून.

कारकुनांच्या खोल्यांपलीकडे आखलेल्या ओसरीत एक म्हातारी बसली होती.

"आत या, आजी," साहेब म्हणाला.

"नगं बाबा, पुकाऱ्याबिगर आत कसं यायचं? मागं मी अशीच भाईर बसले. आत पुकारा झाला, मला ऐकूच आला न्हाई. गैरहजर म्हनून बांधाचा दावा गेला. आता परत लावलाय."

साहेब न्यायाधीशाच्या जागी मांडी घालून बसला. हळूच म्हणाला, "आजी!" म्हातारी ढिम्म.

तो उठला. पायानं रेघा पुसून ओसरी न्यायाधीशाच्या खोलीला चिकटवली, मधे रुंद खिडकी सोडली आणि आजीला तिथं बसवलं. "कोर्ट आधी ऐकू आलं पाहिजे," एवढंच बोलला. मग तितक्याच हळू हाक मारली.

"हजर!" म्हातारी अशी कडाडली, की तिकडं कित्येक कोसांवरच्या भिंगारच्या छावणीत अख्खी पलटण सावधान उभी राहिली.