माडावरची हाळी आणि पासवर्ड

मार्गशीर्षातला गुरुवार, दुपारचे साडेतीन. काम सव्वा लाखाचं. नागावच्या आमच्या घरात हजर दोघंच – मी आणि माझी पत्नी मीनल. आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. जे मोजता येत नाही ते मी धरत नाही.

मी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. आमचा बिल्ड सर्व्हर कोडमधून पॅकेज तयार करतो आणि ग्राहकाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोठारात, आपोआप नेऊन ठेवतो. त्यासाठी त्याला कोठाराचा पासवर्ड लागतो. तो सर्व्हरच्या गुप्त तिजोरीतच ठेवायचा, फाईलमध्ये नुसतं त्याचं नाव लिहायचं. मी मात्र चाचणीपुरता खरा पासवर्ड फाईलमध्येच लिहिला होता... पॅकेज पोचलं, मी खूश झालो आणि विसरलो.

त्या दिवशी हा सगळा कोड बाहेरच्या तीन कंपन्यांना दिसेल असा चढवायचा होता. पडवीलगतच्या माडाखाली बसून मी शेवटचं बटण दाबणार, तेवढ्यात हाळी आली –

"वयनी, चढतोय हां... बाजूला व्हा!"

आमच्याकडे माडावर चढण्याआधी अशी हाळी देतात. खाली कुणी असलं तर नारळ डोक्यात पडायचा. मी सवयीने उठून अंगणात गेलो. वर कुणी नव्हतं. मीनल परसातून ओले कपडे घेऊन आली.

"अहो, दोरी मोकळी केली. धर्माकाकांना म्हणावं, चढा आता."

मग दोघांनीही वर पाहिलं. आमच्या माडांवर चढणारे धर्माकाका गेल्या दिवाळीआधीच आजारपणात वारले होते.

परत येऊन बसलो तोवर स्क्रीन लॉक झाली होती. तिने पासवर्ड मागितला... आणि मला एकदम प्रश्न पडला: कोठाराचा पासवर्ड मी ठेवला कुठे? फाईलमध्येच!

तो कोडसोबत बाहेर गेला असता तर कुणीही त्या कोठारात भलतंच पॅकेज ठेवू शकलं असतं. काम गेलं असतं, वीस वर्षांचं नाव गेलं असतं. नशिबाने फाईल अजून आमच्याच सर्व्हरवर होती, बाहेर गेली नव्हती. ग्राहकाला फोन करून चूक सांगितली, पासवर्ड बदलून घेतला, नवा सर्व्हरच्या तिजोरीत ठेवला, जुनी फाईल कोडच्या इतिहासातल्या नोंदींसकट काढली. मगच कोड चढवला. पॅकेज बिनबोभाट पोचलं.

शेजारी चौकशी केली. त्या दिवशी कुणाकडेही नारळ काढायला माणूस नव्हता. हल्ली येतो तो यंत्र लावून चढतो, हाळी देत नाही. मला एकट्याला ऐकू आलं असतं तर भास म्हटलं असतं. मीनलने तर ती हाळी ऐकून दोरीवरचे कपडे उतरवले होते... याचा हिशेब मला आजही लागत नाही.

काम पूर्ण झाल्यावर काकांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. मी चढाईची मजुरी पुढे केली.

"हाक दिल्याबिगर ते कदी चढले न्हायत," त्या म्हणाल्या. "पन नारळ कुठं काढले? फुकटचं न्हाय घ्यायची मी."

"काकू, खालचा माणूस वाचला," मी म्हणालो.

त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि हात पुढे केला. एका माडाचा दर, शंभर रुपये, आणि रिवाजाप्रमाणे चढणाऱ्याचा एक नारळ – लक्ष्मीकाकूंना पोचते केले.