मुन्सफाची शिंक

महाड शहरातील, तसेच पोलादपुरापासून बिरवाडीपर्यंतच्या समस्त मासळी खाणाऱ्या मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ज्या काळात मी महाडच्या कोर्टात नकला लिहीत होतो, त्या काळात गावात दोन न्यायालयं होती. एक सरकारी. तिथे तारखा पडत. दुसरं बाजाराच्या दिवशी, सुक्या मासळीच्या ओळीत, उघड्यावर भरे. तिथे तारीख पडत नसे. निकाल जागच्या जागी लागे, तो शिंकेने लागे आणि त्यावर अपील नव्हतं.

न्यायाधीश होता तांबूस रंगाचा, एक कान कायमचा दुमडलेला गावठी कुत्रा. नाव मुन्सफ. त्याला बाजारात आणणाऱ्या द्वारकाकाकी माझ्या घरमालकीण.

काकी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या, आंबेनळीच्या वाटेवरल्या एका वाडीतल्या. लग्न होऊन महाडला आल्या. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो तिकडेच वारला. मूलबाळ नव्हतं. चार खोल्यांचं घर, परसात एक चिंच, मागच्या खोलीत मी आणि पुढच्या ओटीवर माहेराहून घोंगडीत गुंडाळून आणलेलं हे पिल्लू. त्याचं नाव असं का ठेवलं, हे मी आल्या आल्या विचारलं होतं.

"समद्यांचं ऐकून घेतो, सोता काय बोलत नाय," काकी म्हणाल्या. "मंग मुन्सफ नाय तर काय? तुझ्यासारखा बडबड्या असता तर वकील ठेवला असता, कारकुना."

मला नाव होतं. काकींनी ते कधीच वापरलं नाही.

बाजाराच्या दिवशी या जोडीची स्वारी निघे ती पाहायला लोक दुकानाच्या पायरीवर येत. काकी ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हिरवं लुगडं चापूनचोपून नेसलेल्या. बाजारात शिरताना त्या चपला काढून पिशवीत टाकत. "गर्दी पायांना कळाया हवी," असं त्यांचं म्हणणं. मुन्सफाच्या गळ्यात सुंभाची दोरी असे, पण तिचं दुसरं टोक काकींच्या हातात नसे. ते तो स्वतःच तोंडात धरून चाले. बाकीचे कुत्र्याला बाजारात नेतात; इथे कुत्रा स्वतःला घेऊन येई आणि काकींना बरोबर येऊ देई. कुंभारांच्या मडक्यांमधून जाताना तो शेपूट आवरून घेई. खाटकाच्या दुकानासमोर मान दुसरीकडे वळवी. मला ते ढोंग वाटे, पण ढोंग असलं तरी उत्तम वठवलेलं.

सुकी मासळी सगळ्यांत शेवटी. ओळीच्या तोंडाशी खाडीकडून आलेली चंद्री कोळीण बसे. ती मुन्सफाला पाहताच हात जोडी. "या सायेब, या. माज्याकडं काय बी भानगड नाय." मुन्सफ तोंडातली दोरी खाली ठेवी, बोंबलांजवळ जाई, नाक लावी. चंद्रीच्या मालापुढे तो नेहमी बूड टेकून बसे. बसला म्हणजे माल निर्मळ. पण पाच पावलांवर गणपतशेटचं दुकान होतं. गणपतशेट जाडजूड, गोड गळ्याचा, तोंडात चोवीस तास पान. त्याच्या जवळ्याच्या ढिगाला नाक लावलं की मुन्सफ थांबे, दुमडलेला कान हलवी आणि असा काही शिंके की दोन पाट्या पलीकडचं गिऱ्हाईक उठून चालू लागे.

"कुत्र्याच्या शिंकंवर बाजार चालवताव, काकी," गणपतशेट म्हणे. "सर्दी झाली असंल त्याला."

"व्हय. तुझ्या मालाजवळ आलं की व्हते," काकी म्हणत.

आमच्या गल्लीतली चौदा घरं आगोटीची मासळी काकींच्या हातून आणत. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. होड्या किनाऱ्याला लागल्या की ताजी मासळी बंद. पुढे जे काही चुलीवर चढणार ते सुकं. त्यात गेल्या सालचा कळकट जवळा मिसळलेला निघाला तर घरात काय भाषणं होतात, ती मी भिंतीआडून ऐकली आहेत. म्हणून चौदा घरच्या चौदा पिशव्या वैशाखात काकींच्या ओटीवर येत. त्या दिवसांत काकींची मान ताठ असे. एरवी एकट्या बाईकडे लोक ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने आमच्या गल्लीत त्यांच्याकडे कुणी बघत नसे.

आता गुपित सांगतो. ते मी कितीतरी वर्षं पोटात ठेवलं. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, याचा वाचकांनी विचार करावा.

एका रविवारी दुपारी मी खोलीत पडलो होतो आणि दूध करपल्याच्या वासाने उठलो. धावत स्वयंपाकघरात गेलो. दूध उतू जाऊन चुलीत गेलं होतं, पातेल्याचं बूड काळं झालं होतं, सगळं घर धुराने भरत आलं होतं. काकी चुलीपासून हातभर अंतरावर, पाठमोऱ्या, शांतपणे चिंचा सोलत होत्या. मी खोकलो तेव्हा त्या वळल्या. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की मला कळलं.

"मोठ्या तापात गेलं," त्या म्हणाल्या. "सात वर्सं झाली. फूल नाय, उदबत्ती नाय, काय नाय."

"मग मासळी?"

त्यांनी ओटीकडे बोट केलं. तिथे मुन्सफ झोपला होता.

"लोकांना सांगितलं का नाही, काकी?"

"काय सांगू? नाक गेलं म्हनून? उद्या पिशव्या येनं बंद. परवा शेजारीन वाटीभर आमटी घेऊन दारात हुभी, बिचारी म्हनून. मला कुनाची आमटी नको रे." मग पातेलं माझ्या हातात देत म्हणाल्या, "कुठं बोल्लास तर खोली खाली कर. आनि हे घास."

मी घासलं.

दोन-चार वर्षं अशीच गेली. मुन्सफाच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले. एका संध्याकाळी मी बांगड्याचं डोकं निखाऱ्यावर भाजून ओटीवर घेऊन बसलो होतो. मुन्सफ डोळे मिटून शेजारी पडला होता. गंमत म्हणून मी ते डोकं त्याच्या नाकापाशी धरलं. नाकपुडी हलली नाही. आणखी जवळ नेलं. काही नाही. शेवटी ताटली वाजली तेव्हा त्याने डोळे उघडले, समोर बांगडा पाहून तो दचकला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते लपवलं होतं.

आगोटीला पंधरा दिवस होते. मी आत जाऊन, आवाज उतरवून, एखाद्या घरी वाईट बातमी द्यावी तसं सांगितलं, "काकी, मुन्सफाचं नाक गेलंय."

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या.

मी खाली बसलो. दोन वर्षं चौदा घरांनी खाल्लेली मासळी मी स्वतः डोक्यावर वाहून आणली होती. एक दाणा खराब नव्हता.

"मग निवडतं कोण?"

"मुन्सफ ढिगाजवळ गेला की तुमी समदी त्याच्याकडं बघताव. मी नाय बघत. मी इकनाऱ्याकडं बघते. चंद्री पदरानं माशा हाकत बसते, तिला घोर नाय. गनपत पान चघळायचा थांबतो."

"आणि शिंक?"

काकींनी हाक मारली. मुन्सफ डुलत डुलत आत आला. त्यांनी त्याच्या दुमडलेल्या कानामागे करंगळीच्या नखाने हळूच खाजवलं. मुन्सफ शिंकला. साग्रसंगीत, बाजारातली शिंक.

मी कोर्टात इतकी वर्षं बसलो, भलेभले पाहिले, पण असा खटला चालवलेला पाहिला नाही.

पुढच्या वर्षी आगोटीच्या बाजाराला तीन दिवस राहिले असताना मुन्सफ गेला. चिंचेखाली, सकाळच्या उन्हात, झोपेतच. काकींनी स्वतः खड्डा खणला. मला फावड्याला हात लावू दिला नाही. त्यात त्यांनी घोंगडीचा तुकडा अंथरला, दोरी मात्र ठेवून घेतली. चौदा पिशव्या ओटीवर ओळीने आल्याच होत्या.

"काकी, या खेपेला पिशव्या परत करू या," मी म्हणालो. "मुन्सफ गेला, हे सगळ्यांना कळलंय. कुणी वाईट मानणार नाही."

"नायच मानायचे. तीच तर भीती हाय," काकी म्हणाल्या. "चपला दे माझ्या."

त्या बाजारात आम्ही शिरलो आणि कुंभारापासून बांगडीवाल्यापर्यंत सगळ्यांची नजर आधी काकींच्या पायांशी गेली, मग त्यांच्या मनगटाकडे. मनगटावर सुंभाची दोरी गुंडाळलेली होती. चंद्रीने हात जोडले ते अर्ध्यावरच राहिले. तिने पदर डोळ्यांना लावला आणि आठ घरांची मासळी भरून दिली. तिच्याकडचं तिथेच संपलं. सहा पिशव्या उरल्या. जवळा आता एकट्या गणपतशेटकडे होता. पुढच्या बाजाराच्या आत होड्या बंद.

गणपतशेट वाटच बघत होता. आजूबाजूची पंधरावीस माणसंही आता सरकून जवळ आली होती.

"या काकी," तो गोड आवाजात म्हणाला. "लय वाईट झालं. पन आता निकाल कोन देनार?"

कुणीतरी हसलं. सहा घरांची बेगमी होती, आणि त्याहून मोठं म्हणजे काकींची ती मान. आज एक पिशवी जरी खराब निघाली असती, तरी उद्या वाटीभर आमटी दारात उभी राहिली असती.

काकी खाली बसल्या. मनगटावरची दोरी सोडली आणि ढिगापुढे, मुन्सफ ज्या जागी थांबून शिंकायचा नेमक्या त्या जागी, नीट वेटोळं करून ठेवली. मग माझ्या हातातली एक पिशवी घेतली, तिचं तोंड उघडून गणपतशेटपुढे धरली.

"आज निकाल नाय, गनपत," त्या म्हणाल्या. "तो होता तवर त्यानं दिला. आज तू भरशील तो माल. बघनार नाय, हात लावनार नाय. भर."

आणि त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

गणपतशेटने पुढच्या ढिगात हात घातला. ओंजळ भरली. पिशवीकडे नेता नेता त्याची नजर त्या वेटोळ्यावर गेली. ओंजळ हवेतच थांबली. त्याने काकींकडे पाहिलं, परत दोरीकडे पाहिलं. मी त्याच्या गालाकडे पाहत होतो. पान चघळणं थांबलं होतं. काकींनी पिशवी जरा पुढे केली, इतकंच.

गणपतशेटने ओंजळ होती तशी परत ढिगावर टाकली, हात धोतराला पुसला, मागच्या झाकलेल्या पाटीवरचं गोणपाट ओढून काढलं आणि पंधरावीस माणसांच्या देखत बोलून गेला, "ह्या पुढल्या ढिगातलं घेव नका, काकी, ह्यो गेल्या सालचा हाय."