रंग कुठे बदलायचा

नियोजन कार्यालयात सगळे तिला नकाशेताई म्हणत. तिने लोकसंख्येचा नकाशा आकड्यांचे समान टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्याला एक रंग देत रंगवला, तर मोठं शहर तेवढं गडद आणि बाकी सगळा मुलूख फिका! मावशीचं गजबजलेलं गाव नि ओसाड डोंगर एकाच रंगात बघून तिला चैन पडेना. मग तिने गावांचे आकडे चढत्या क्रमाने लिहिले आणि जिथे दोन आकड्यांत मोठी फट दिसली, तिथेच रंग बदलला. अकरा गावं एकदम उठून दिसली.

"आकडे बदललेस की काय?" साहेबांनी विचारलं.

"आकडे तेच आहेत, साहेब. टप्पे तेवढे बदलले."

साहेबांनी दोन्ही नकाशे न्याहाळले आणि दुसऱ्यावर सही केली. नकाशेताईने लगेच तिसरा कागद ओढला. प्रत्येक रंगात सारख्याच संख्येने गावं घेतली तर काय दिसेल, हे तिला बघायचं होतं.